मे महिन्यातलं लग्न, तेलकट चेहरा आणि फेस पावडर : खरंच फायदा होतो का?

करवली_चिपळूण

नमस्कार मंडळी, बहिणीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, चिपळूणला, हॉलला एसी नाही आणि मुहूर्त दुपारी १२ नंतरचा. मी करवली, म्हणजे करा घेऊन पूर्ण वेळ बहिणीच्या मागे उभी, सगळ्या फोटोत येणार. माझी त्वचा तेलकट, रंग गव्हाळ. मेकअप म्हणजे सनस्क्रीन, थोडं फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक, बस. पावडर मी सोडूनच दिलीय कारण गेल्या वर्षी एका रिसेप्शनला कॉम्पॅक्ट लावलं होतं, आरशात छान दिसत होतं पण फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळ्याच रंगाची, अजून तो फोटो बघवत नाही. पण पावडर नाही लावली तर तासाभरात नाक आणि कपाळ चमकायला लागतं, काजळ खाली उतरतं, फोन कानाला लावला की निम्मं फाउंडेशन फोनवर. लहानपणी आजी रोज संध्याकाळी म्हणायची वेणीफणी कर, गंधपावडर कर, आता व्हिडिओत सगळ्या सांगतात पावडर नको, ग्लो दिसू दे. मला कोणीतरी नीट सांगा, पावडर नेमकं काय काम करते आणि माझ्यासारखीने लावावी का?

पार्लर_डोंबिवली

लाव, नक्की लाव. मी ११ वर्षं नवऱ्या तयार करतेय, एप्रिल-मेमध्ये तर पावडरीशिवाय मी कुणाला दाराबाहेर सोडत नाही. फाउंडेशन हे मुळात ओलसर असतं, त्यात तेल नाहीतर सिलिकोन असतं, ते चेहऱ्यावर थोडं चिकट राहतं. वरून पावडर बसली की तो चिकटपणा जातो, मग ते फोनला, ब्लाउजच्या गळ्याला, भेटणाऱ्या मावशीच्या खांद्याला लागत नाही. काजळाचंही तेच, डोळ्याखाली बोटाच्या टोकाएवढ्या ब्रशने अगदी पातळ पावडर दे, काजळ तिथेच थांबतं. आणि ब्लशर पावडरचा असेल तर तो कोरड्या चेहऱ्यावर एकसारखा फिरतो, ओल्यावर लावला की जिथे पहिला ब्रश टेकला तिथे डाग पडतो. फक्त क्रम चुकवू नकोस, क्रीमच्या सगळ्या गोष्टी आधी, पावडर नंतर. पावडरीवर परत क्रीम ब्लश लावलास की गोळे होणार.

तुझा चेहरा राखाडी का झाला ते मी न बघता सांगते, शेड तुझ्यापेक्षा फिकट होती आणि तू ती पूर्ण चेहऱ्यावर घासलीस. आपल्या गव्हाळ रंगाला गुलाबीसर किंवा पांढरी पावडर भुरकट दिसतेच. पिवळसर झाक असलेली घे आणि शेड हातावर बघू नको, हनुवटीच्या कडेला लावून दुकानाच्या बाहेर उन्हात ये आणि तिथे बघ. पूर्ण तोंडाला लावायचीही गरज नाही, कपाळाचा मधला भाग, नाक, नाकाच्या बाजू, हनुवटी. गाल मोकळे सोड, तुला हवा तो ग्लो तिथे दिसेल.

आणि एक, टिकलीची जागा कोरड्या कापसाने पुसून घे. पावडरीवर टिकलीचा गोंद धरत नाही, सप्तपदीला टिकली पायाशी पडलेली मी खूप वेळा उचललीय.

शंखजिरे

मी सौंदर्यप्रसाधनांच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून आतली गोष्ट सांगतो. बहुतेक फेस पावडरमध्ये टाल्क असतं, म्हणजे आपलं शंखजिरं, त्याचे कण चपटे असतात म्हणून बोटाला इतकं मऊ आणि घसरतं लागतं. सोबत अभ्रक, सिलिका, स्टार्च, केओलिन नावाची पांढरी माती यातलं काहीतरी, आणि रंगासाठी लोहाची ऑक्साइडं. तेल शोषायचं काम जास्त करून सिलिका, स्टार्च आणि ती माती करतात. त्वचेची छिद्रं कमी दिसतात ते मात्र ती बुजल्यामुळे नाही, बारीक कण प्रकाश सगळीकडे विखरतात म्हणून कडा धूसर होतात. कॉम्पॅक्टमध्ये वडी बांधायला थोडं तेल किंवा मेण घालावं लागतं, त्यामुळे तेलकट त्वचेला सुटी पावडर जास्त चांगली, कॉम्पॅक्ट पर्समध्ये ठेवायला.

फोटोत चेहरा पांढरा येण्याचं आणखी एक कारण असतं. सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतात, डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. तुमच्या सनस्क्रीनमध्येही हे असू शकतं, म्हणून दोन्ही लावून रात्री दिवे बंद करून फ्लॅशवर एक फोटो काढून बघा. लग्नाच्या आधी, लग्नात नाही.

पावडरवर एसपीएफ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडू नका. तो आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, एवढी पावडर कुणी तोंडाला लावत नाही.

टाल्कबद्दल भीती वाटणाऱ्यांसाठी, जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्क २ए गटात टाकलं, म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक'. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, लाल मांसही त्याच गटात आहे. तरी सुट्या पावडरचा धुरळा नाकात जाऊ देऊ नका, लहान मुलांजवळ डबी झटकू नका, आणि टाल्क नकोच असेल तर टाल्क नसलेल्या पावडरी मिळतात.

विंगेतून

मी हौशी नाटकात रंगभूषा करतो, मेकअपच्या गप्पांत पुरुष बोलला तर चालेल ना? आमच्याकडे दिव्यांखाली दोन-अडीच तास उभं राहायचं असतं, पावडर नसेल तर तिसऱ्या रांगेतूनही नटाचं कपाळ आरशासारखं दिसतं. लावायची पद्धत महत्त्वाची आहे ताई. पफ पावडरीत बुडवायचा, मधोमध दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर चोळायच्या म्हणजे पावडर पफच्या आत जाते, मग हाताच्या पाठीवर झटकायचा आणि चेहऱ्यावर दाबायचा, नाकाच्या कडेला जरा फिरवत. घासायचं नाही, घासलं की खालचं फाउंडेशन सरकतं. एक मिनिट थांबायचं आणि मोकळ्या ब्रशने उरलेली खाली झटकायची.

घाम आल्यावर सरळ पावडर मारू नका, चिखल होतो. आधी टिशू कपाळावर नुसता ठेवायचा, पुसायचं नाही, त्याने ओल टिपली की मग पफ. घाम पावडर थांबवत नाही, तेल आटोक्यात ठेवते, हे धरून चला म्हणजे निराशा होणार नाही.

हिवाळी_नाशिक

सगळं पटलं पण माझ्यासारख्या कोरड्या त्वचेच्या बायकांनी हे वाचून लगेच डबी आणू नये. मी पन्नाशीची, तोंडभर पावडर लावली की हसल्यावर डोळ्यांच्या कडेला एकेक रेघ मोजून घ्यावी अशी दिसते. मी चेहऱ्याला क्रीम लावून दहा मिनिटं देते आणि फक्त नाकाच्या दोन बाजूंना ब्रशने देते, बाकी चेहरा तसाच. करवलीताई, आईला आणि आजीला पण तयार करणार असशील ना, त्यांना तुझ्या हिशोबाने लावू नकोस हं.

करवली_चिपळूण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. रविवारी घरी करून बघितलं. पिवळसर सुटी पावडर आणली, विंगेतून यांनी सांगितलं तसा पफ दुमडून चोळून दाबत लावली, फक्त कपाळ, नाक, हनुवटी. मुद्दाम दुपारी दीडला पंखा बंद करून स्वयंपाकघरात आईला फणसाचे गरे काढायला मदत केली. तासाभराने नाक थोडं चमकलं, टिशू ठेवला, पफ दाबला, परत नीट. काजळ डाव्या डोळ्याला पावडर देऊन आणि उजव्याला न देता लावलं होतं, उजवं उतरलं, डावं संध्याकाळपर्यंत तसंच. रात्री फ्लॅशवर फोटो काढला तर चेहरा ठीक पण गळा पांढरा, म्हणजे पावडरचा नाही सनस्क्रीनचा दोष, आता ते बदलते. त्या रिसेप्शनलाही हेच सनस्क्रीन होतं.

नथीचं मात्र विचारायचं राहिलं, नथ घातली की नाकाच्या त्या जागचं फाउंडेशन निघून जातं, तिथे काय करायचं?

पार्लर_डोंबिवली

नथ आधी घालायची नाही. त्या जागी फाउंडेशन अगदी नावाला, वर पावडर दाबून दोन मिनिटं जाऊ दे, मग नथ. आणि दाबाची असेल तर दाब आधी घरी सैल करून बघ, घट्ट नथ सारखी सरकवावी लागते आणि बोटाने मेकअप निघतो. बटव्यात टिशू, छोटा कॉम्पॅक्ट आणि धुतलेला पफ ठेव, बहिणीलाही तोच लागेल.