कोराडीच्या कोळशावरच चार्ज होणार असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन उपयोग काय?

बेसावाली:
नमस्कार मंडळी, राहते नागपूरला बेसा रोडला, ऑफिस हिंगणा एमआयडीसीत, जुन्या पेट्रोल मोपेडचा जीव आता संपत आलाय म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचा विचार चालू आहे. पैशाचं गणित मी केलंय, ते विचारत नाहीये. घरी विषय निघाला की दीर म्हणतात, वहिनी, तुमच्या गाडीचा धूर बंद नाही होणार, तो कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमणीतून निघेल, जागा तेवढी बदलली. मला यावर उत्तर सुचत नाही आणि ते टोचतंय. कारण मला हे फक्त बचतीसाठी नाही करायचं. 2013 च्या मे मध्ये आपल्याकडे तापमान 47.9 डिग्री झालं होतं, 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून अर्ध्या शहराच्या घरात पाणी शिरलं, पोरगी आता सहावीत आहे, तिच्या वाट्याला काय येणार हा विचार डोक्यातून जात नाही. तर खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर किती, आकड्यात सांगा कोणीतरी. दुसरं म्हणजे उज्ज्वल नगर स्टेशनहून मेट्रो करून जाणं जास्त बरं का?

मीटरवाला:
ताई, दीर अर्धं बरोबर बोलून रायले. धूर जागा बदलतो हे खरं, पण कमीही होतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मोपेड 45 चं मायलेज देते धरलं तर 100 किमीला सव्वादोन लिटर, म्हणजे 5 किलो. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला चार्जरमधलं नुकसान धरून साडेतीन युनिट लागतात. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, कोळसा, पाणी, वारा, सोलर, अणू सगळं मिळून एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास पडतात, म्हणजे अडीच किलो. निम्मं.

आता दीर म्हणतील नागपूरला कुठलं पाणी अन् कुठला वारा, इथं कोळसाच. ठीक आहे, सगळी वीज कोळशाची धरू, युनिटला 1 किलो. तरी साडेतीन किलोच. शिवाय पेट्रोल रिफायनरीतून पंपावर येईपर्यंत जे जळतं ते मी धरलंच नाही, ते आणखी 15-20 टक्के. बॅटरी बनवताना जे निघतं ते ढोबळमानाने 10 हजार किमीत फिटते, रोज हिंगण्याला जाणाऱ्याला त्याला काही फार वेळ नाही लागत.

चारचाकीचं मात्र असं सोपं नाही. 15 चं मायलेज देणारी पेट्रोल कार 100 किमीला 15 किलो सोडते, इलेक्ट्रिक कार 15 युनिट खाते, म्हणजे निव्वळ कोळशाच्या विजेवर जवळजवळ तेवढंच. म्हणून एकट्या माणसाने दीड-दोन टनाची इलेक्ट्रिक गाडी घेऊन पर्यावरण वाचवतो म्हणणं मला पटत नाही. तुमचा निर्णय दुचाकीचा आहे, तो चांगला आहे. आणि एक गोष्ट लोक विसरतात, पेट्रोलची गाडी आज 5 किलो सोडते तर दहा वर्षांनीही 5 किलोच सोडणार, उलट जुनी झाली की जास्तच. इलेक्ट्रिक गाडी ग्रिड सुधारेल तशी आपोआप सुधारत जाते, तुम्ही काही न करता.

चिमणीखालचा:
जागा बदलली म्हणणाऱ्या भाऊंना सांगा, बदलून कुठं आली तेही पहा. मी एका वीज केंद्राच्या शेजारच्या गावचा आहे, कोणतं ते जाऊ द्या. हिवाळ्यात सकाळी गाडीच्या सीटवर बोट फिरवलं की करड्या पिठासारखी बारीक राख बोटाला लागते, ओल्या फडक्यानं पुसली तर त्याचा गारा होते, म्हणून आमची माय अंगणात गहू वाळत घालतच नाही. नागपूरच्या उंबरठ्यावर कोराडी अन् खापरखेडा मिळून तीन हजार मेगावॅटच्या वर कोळसा जळून रायला, त्यातली वीज अख्ख्या महाराष्ट्रात जाते अन् राख इथं राहते. मी इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही, मी पण घेणार आहे, पण शहरातल्या लोकांनी गाडी घेतली अन् काम झालं असं समजू नये बाप्पा.

धुरातलं गंधक काढायच्या यंत्रणेचा नियम 2015 पासून आहे, दरवेळी मुदत वाढत गेली, आता 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच दिली, पण 10 लाखांवर वस्तीच्या शहरांपासून 10 किमीच्या आत असलेल्यांना डिसेंबर 2027 पर्यंत बसवायची आहे. नागपूरवाल्यांनी ह्या तारखेवर नजर ठेवली पाहिजे, जनसुनावणी असली की आमच्यासोबत येऊन बसलं पाहिजे. त्या यंत्रणेनं कार्बन कमी नाही होत हे मले माहीत आहे, पण आमच्या छातीत आत्ता जे जाऊन रायलं त्याचं काय?

धंतोलीकर:
सगळं ठीक, पण भारतात माणशी वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत 14 च्या आसपास. तिथले लोक मोठमोठ्या गाड्या उडवणार अन् इथं बेसाच्या ताईंनी मोपेडचा हिशोब करायचा, काऊन? ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये आपण सांगितलंच आहे 2070 ला नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घेऊ, ते सरकार पाहील. सामान्य माणसावर ओझं टाकू नका.

मीटरवाला:
धंतोलीकर भाऊ, माणशी आकडा बरोबर आहे आणि त्यांनी आधी कमी करावं हे माझंही मत आहे. पण 2 टन ही सरासरी, त्यात गडचिरोलीतलं बिनाएसीचं बिनागाडीचं घरही आलं आणि आपलंही आलं. मे महिन्यात दीड टनाचा एसी रात्रभर चालला की 8 युनिट सहज जातात, म्हणजे पेट्रोलची मोपेड 100 किमी फिरवल्याइतका कार्बन. कूलर तेवढ्याच वेळात दीड-दोन युनिट खातो. आपण अमेरिकेत नाही, पण गडचिरोलीतही नाही.

सरकार पाहील म्हणता तर कुठं पाहायचं तेही सांगतो. 2025 मध्ये देशाची निम्मी वीज क्षमता कोळसा, गॅस, तेल सोडून बाकीची झाली अशी बातमी आली, आनंदाचीच आहे, पण क्षमता वेगळी आणि रोज तयार होणारी वीज वेगळी, वीज अजून 70 टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. सूर्य मावळला की सोलर शून्य, मग चिमण्याच पेटतात. म्हणून साठवणुकीच्या बॅटऱ्या, पंप्ड स्टोरेज धरणं (जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवून ठेवायचं, लागेल तेव्हा सोडून वीज करायची), दिवसा वीज वापरायला सवलत, ह्या गोष्टींवर खरं भांडण व्हायला पाहिजे, मोपेडवर नाही.

प्रजापती_टू_बर्डी:
मेट्रोच्या प्रश्नावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. ताई, उज्ज्वल नगरहून बसायचं, सीताबर्डी इंटरचेंजला उतरून ॲक्वा लाइन धरायची अन् थेट लोकमान्य नगर, हिंगण्याच्या एमआयडीसीच्या तोंडाशी. एसीत बसून जाता, वर्धा रोडचा धूर खावा लागत नाही. मेट्रो रिकामी धावो की भरलेली, वीज लागायची ती जवळपास लागतेच, म्हणून तुम्ही बसल्यानं जास्तीचं काही जळत नाही. अडचण शेवटच्या दोन किमीची, स्टेशनवरून कंपनीच्या गेटपर्यंत संध्याकाळी सातनंतर काही मिळेल याचा भरवसा नाही, बायकांना तर हा प्रश्न मोठा आहे. माझं म्हणणं घरून स्टेशनपर्यंत स्कूटर, पुढं मेट्रो, अन् ऑफिसातल्या बायकांनी मिळून कंपनीकडं स्टेशनपासून शटल मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बेसावाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे, दिरांना हा धागाच पाठवते. चिमणीखालचा दादा, जनसुनावणीचं आधी कळलं तर मी नक्की येईन, सोसायटीतल्या चार-पाच जणींना घेऊन येईन. शटलसाठी सोमवारी एचआरला मेल टाकते. आता एकच, रात्री चिमण्याच पेटतात म्हणता, तर चार्जिंग कधी करू, आणि गच्चीवर सोलर टाकलं तर?

मीटरवाला:
स्मार्ट मीटर असेल तर जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकालाही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये युनिटमागे 80 पैसे किंवा जास्त सवलत आहे, आणि त्याच वेळेत ग्रिडवर सोलर भरपूर असतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी तेव्हाच लावा. बाकी दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्लग मागा, शटलच्याच मेलमध्ये लिहून टाका. गच्ची तुमची एकटीची असेल तर 3 किलोवॅट टाका, सूर्यघर योजनेत 78 हजार सबसिडी आहे, नागपूरच्या उन्हात दिवसाला सरासरी 12 युनिट धरा. वर्षाचे 4 हजारांवर होतात, म्हणजे जवळजवळ 3 टन कार्बन, वर जो माणशी 2 टनाचा आकडा आला त्याच्याहून जास्त. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या, लिफ्ट अन् पाण्याच्या मोटरचं बिल दाखवलं की लोक ऐकतात.

आणि एप्रिल-मे मध्ये भर उन्हातून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला नका लावू, तासभर सावलीत थंड होऊ द्या, अन् प्लगचं अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या.