किलिमांजारोसाठी मार्ग पाच दिवसांचा घ्यावा की आठ दिवसांचा?

प्रश्न
नमस्कार. आम्ही चौघे मित्र टांझानियातील किलिमांजारो (५८९५ मीटर) चढण्याच्या तयारीत आहोत. दोघे नियमित मॅरेथॉन धावणारे आहेत, तर उरलेले दोघे सुट्टीच्या दिवशी डोंगर भटकणारे. धावणाऱ्यांच्या मते दमसास चांगला असेल तर पाच दिवसांचा मारंगू मार्ग पुरेसा आहे आणि रजाही वाचते. इतरांचा कल आठ दिवसांच्या लेमोशो मार्गाकडे आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा आणि एकत्र तयारी कोणती करावी?

उत्तर १
मारंगूवरील मुक्कामांच्या उंचीवरूनच याचा निकाल लागतो. मंदारा सुमारे २७०० मीटर, होरोम्बो ३७००, किबो ४७००; म्हणजे रोज हजार मीटरची भर. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढाई थांबवावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. लेमोशोवर मात्र लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४६०० मीटर चढून त्याच दिवशी बारांकोला ३९०० मीटरच्या आसपास उतरून झोपता येते आणि शरीराला विरळ हवेला सरावण्यास अवधी मिळतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. दमसासाने थकवा कमी येईल, पण उंचीचा त्रास टळेलच असे नाही. किंबहुना, त्रास बहुधा भराभर चालणाऱ्यांनाच आधी गाठतो, असे माझे निरीक्षण आहे.

उत्तर २
मार्गाबाबत सहमत. सरावाविषयी सांगायचे तर, धावण्यापेक्षा पाठीवर वजन घेऊन सलग दोन दिवस चढ-उतार करणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यातही उतारावर भर द्या, कारण शिखर गाठल्यावर त्याच दिवशी बरेचदा ३१०० मीटरवरील म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचे असते आणि गुडघ्यांची खरी परीक्षा तिथे होते. शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत सुरू होते. पाणी पिण्याची नळी गोठते, म्हणून रुंद तोंडाची बाटली घ्या आणि ती पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळे राहते.

उत्तर ३
वरच्या दोन्ही उत्तरांत राहून गेलेला मुद्दा असा की, मित्रांसोबत असताना माणूस डोकेदुखी लपवतो, कारण आपल्यामुळे इतरांची मोहीम फसू नये असे त्याला वाटते. यासाठी निघण्यापूर्वीच ठरवून टाका: डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांविषयी प्रत्येकाने दररोज सकाळ-संध्याकाळ सर्वांसमोर सांगायचे. त्रास वाढत असेल तर पुढे चढायचे नाही. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी तत्काळ खाली उतरायचे. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे औषध) घ्यायचे झाल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. बोटांना मुंग्या येणे हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरून जाऊ नये.

शिवाय, आरक्षण करण्यापूर्वी कंपनीला विचारा की चौघांसोबत सहायक गाइड किती असतील. एकाला खाली न्यावे लागले आणि गाइड एकटाच असला, तर बाकीच्या तिघांनाही परतावे लागेल.