कवडसे बुजवताना : घरच्या थिएटरसाठी परवडणारे मोटरचे ब्लॅकआउट पडदे, तुमचे अनुभव सांगा

मुलुंड पूर्व

मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची ११ बाय १० फुटांची खोली रिकामी झाली. तिथे प्रोजेक्टर बसवला, समोर १०० इंची स्क्रीन लावली. पहिल्याच रविवारी दुपारी चारला सामना लावला आणि स्क्रीनवर नुसत्या फिकट सावल्या हलू लागल्या. खिडकी पश्चिमेची.

प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही. चित्रात जिथे काळं हवं तिथे तो फक्त प्रकाश अडवतो, मग खोलीत असेल तेवढ्या उजेडाने ते काळं राखाडी होतं. म्हणून महागडा प्रोजेक्टर घेण्याआधी खिडकी बंद करा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

एका शोरूमने सहा बाय पाच फुटांच्या या एका खिडकीचे ४२,००० सांगितले. शेवटी माझं काम १३,५०० मध्ये झालं. ब्लॅकआउट कापडाचा (उजेड आरपार न जाणाऱ्या) रोलर ब्लाइंड, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा पडदा, नेहमीच्या पडदेवाल्याकडून, चौरस फुटावर. नळीच्या आत बसणारी, बॅटरीवर चालणारी ट्यूब मोटर रिमोटसकट ऑनलाइन. पण खरा फरक पडला तो ८०० रुपयांच्या वस्तूने.

झालं असं, की ब्लाइंड बसल्यावर खोली अंधारली, पण दोन्ही कडांना उजेडाच्या उभ्या रेघा राहिल्या. कापड दोन ब्रॅकेटमधल्या अंतरापेक्षा थोडं अरुंदच असतं, कारण एका टोकाला मोटरचं डोकं आणि दुसऱ्या टोकाला पिन बसवायला जागा लागते. माझ्याकडे मोटरच्या बाजूला जवळजवळ दोन सेंटिमीटरची फट होती आणि त्यातून येणारा कवडसा थेट स्क्रीनवर. कापड कितीही भारी घ्या, फट फटच राहते. मग स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचा यू सेक्शन कापून आणला, काळा रंगवला आणि आत स्लायडिंगला लावतात ती केसाळ वूलपाइल पट्टी चिकटवली. पडद्याच्या कडा आता त्या खाचेतून वरखाली जातात. वरच्या बाजूला सुताराकडून प्लायचं पेल्मेट, म्हणजे नळी झाकणारी पेटी, करून घेतलं, कारण नळीच्या वरून येणारा उजेड छतावर पसरतो आणि तिथून अख्ख्या खोलीत उतरतो.

तपासायचं कसं? ऊन खिडकीवर असेल त्या वेळी दार लावून खोलीत दहा मिनिटं शांत बसा. डोळे सरावले की एकेक फट आपणहून दिसायला लागते. मी पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या.

तुम्ही कुणी हे केलं असेल, करताना अडला असाल, पैसे वाया गेले असतील, तर जरूर लिहा. आकड्यांसकट.

गोरेगाव पूर्व

आमची इमारत नवी, मायवान शटरिंगची, म्हणजे सगळ्या भिंती सलग काँक्रीटच्या. त्यात वायरिंगसाठी खाच मारायला सोसायटीची सक्त मनाई आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्या भिंती इमारतीचा भार घेतात. हे ठाऊक नसताना मी २३० व्होल्टची मोटर घेऊन बसलो. इलेक्ट्रिशियन आला, खिडकीच्या डोक्यापर्यंत पॉइंट कुठून आणणार म्हणाला आणि हात जोडून गेला. उघडी केसिंग पट्टी फिरवायची नव्हती, म्हणून ती मोटर तोट्यात विकली आणि बॅटरीची घेतली. टाइप-सी चार्जर लागतो, रोज दोनदा वरखाली करूनही चार महिने सहज जातात. आधी भिंत बघा, मग मोटर निवडा.

भोकं मात्र हॅमर ड्रिलनेच पाडावी लागली. आमच्याकडे दुपारी दोन ते चार आवाज बंद असतो, तेव्हा कारागिराला सकाळी दहालाच बोलवा.

परळ

माझं थिएटर नाही. मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट ड्यूटी असते आणि दिवसा झोपावं लागतं. पण अंधार तोच हवा, म्हणून लिहिते.

घर भाड्याचं. मालक भिंतीला नवं भोक पाडू देत नाहीत. खिडकीला आधीच्या भाडेकरूचा साधा रोलर ब्लाइंड होता, मण्यांच्या साखळीने ओढायचा. मी त्याचं कापड तेवढं ब्लॅकआउटचं बदलून घेतलं आणि साखळी फिरवणारी छोटी मोटर बाजूला दुहेरी टेपने चिकटवली. मोटरचे ३,२०० गेले. आवाज थोडा होतो, ट्यूब मोटरसारखी ती मऊ चालत नाही. पण दुपारी तीनला पडदा आपोआप अर्धा उघडतो आणि मला गजराशिवाय जाग येते. हे सुख मला शब्दांत सांगता येत नाही.

एक काळजीची गोष्ट. माझी भाची तीन वर्षांची आहे. अशा लोंबत्या साखळीचा फास लहान मुलांच्या गळ्यात बसू शकतो, त्यामुळे परदेशात दुर्घटना झालेल्या आहेत. मोटर लावताना मी साखळी ताणून भिंतीलगत घट्ट केली. घरात लहान मूल येतं-जातं असेल तर साखळीचा ब्लाइंड मोकळा ठेवू नका.

वर्सोवा

समुद्र समोर. दोन पावसाळ्यांत ब्रॅकेटचे स्क्रू गंजून त्यांचं लाल पाणी पांढऱ्या भिंतीवर ओघळलं. आता सगळे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे लावलेत. आणि पावसाळ्यात पडदा आठवडाभर गुंडाळून ठेवू नका. आमच्या कापडाला आतल्या बाजूने बुरशीचे ठिपके आले. दिवसातून एकदा पूर्ण खाली सोडून पंखा लावतो, तेव्हापासून ठीक आहे.

कांदिवली पश्चिम

हॉलमध्येच थिएटर केलंय. गॅलरीचं दार दहा फूट रुंद, आठ फूट उंच. मला एकच अखंड पडदा हवा होता, मधे फट नको म्हणून. ज्याने बसवला त्याने ३८ मिलिमीटरची नळी वापरली. तीन आठवड्यांत नळीला मधे झोळ आला आणि कापडावर तिरप्या सुरकुत्या पडल्या. मोटरची फिरवण्याची ताकद १.१ न्यूटन मीटर, ती साइड चॅनेलच्या (कडांच्या यू खाचांच्या) घर्षणात अर्ध्यावर अडकायची आणि मी खुर्चीवर चढून बॉटम बार, म्हणजे कापडाची खालची दांडी, वर ढकलायचे. तक्रार केली तर कापड जड आहे म्हणाला. कापड त्यानेच दिलं होतं! २६,००० रुपये गेले होते, फार मनस्ताप झाला.

दुसऱ्या कारागिराने ते कापड आणि मोटर वापरून पाच-पाच फुटांचे दोन पडदे केले. मोटर फक्त एकच नवी घ्यावी लागली. रिमोट एकच, दोन्ही पडदे एकत्र उतरतात. मधल्या फटीसमोर, दाराच्या जिथे दोन काचा एकमेकींवर येतात तिथे, चार इंची लाकडी पट्टी उभी केली आणि दोन्ही कडा तिच्यावर येतील असं बसवलं. आता अंधार चांगला आहे, तरी लेव्हलची शंका येते, कारण डावा पडदा गुंडाळताना एका बाजूला सरकतो. कुणी सांगू शकेल का? शिवाय बेडरूमलाही करायचं आहे. तेव्हा माप कसं घ्यावं, तेही कळलं तर बरं.

दादर

बाबांना चालणं कठीण झालंय. जुनी नाटकं मोठ्या स्क्रीनवर बघणं हा त्यांचा दिवसातला आवडता वेळ. पडद्याचं रिमोट त्यांच्या हातात दिलं आणि पहिल्या दिवशी शेजारीपाजारी बघायला आले. बाबा प्रत्येकाला वरखाली करून दाखवत होते. थोड्या वेळात पडदा मधेच थांबला, काही केल्या हलेना. मी दुकानदाराला फोन केला, तो शांतपणे म्हणाला, अर्धा तास हात लावू नका. तसंच झालं. विजेवरच्या या मोटरा सलग चारेक मिनिटं चालण्यासाठीच बनवलेल्या असतात, जास्त तापल्या की स्वतःला बंद करतात आणि गार झाल्या की पुन्हा सुरू होतात. असं झालं तर मोटर जळली समजून लगेच नवी घेऊ नका.

अजून एक, कापड बाहेरून पांढरं घ्या. मे महिन्यात आमच्याकडे काचेजवळ हात ठेवला तर शेजारच्या खोलीतल्या गडद पडद्यापेक्षा फरक जाणवतो आणि एसीला कमी कष्ट पडतात.

मुलुंड पूर्व

सगळ्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. दादरच्या बाबांना नमस्कार सांगा.

कांदिवलीच्या ताईंसाठी : पडदा सरकतो तेव्हा आधी स्पिरिट लेव्हल नळीवर ठेवून बघा. माझंही एक ब्रॅकेट चार मिलिमीटर खाली होतं. ते सोडवून वर घेतलं आणि सरकणं थांबलं. लेव्हल बरोबर असेल तर कापड नळीवर तिरकं चिकटवलंय, ते कारागिरालाच काढून लावावं लागेल.

बेडरूमचं माप रुंदीला तीन ठिकाणी घ्या, वर, मधे आणि खाली. आपल्या खिडक्यांच्या मार्बल फ्रेम कधीच काटकोनात नसतात. माझ्याकडे वर ७२ इंच होतं आणि खाली ७१ इंच सहा सूत. पडदा चौकटीच्या आत बसवायचा तर सर्वांत लहान माप द्या. भिंतीवर बाहेरून बसवणार असाल तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त द्या, मग यू चॅनेलचीही गरज बहुधा पडणार नाही. फक्त शेजारी कपाट किंवा स्विचबोर्ड येत नाही ना, ते बघून घ्या. कापड कापायच्या आधी ती मापं इथे टाका, मी एकदा पडताळून देतो.