शब्दचर्चा : शिडाची होडी ‘वाऱ्याकडे चढते’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न

जंक शिडाच्या होड्यांवर मराठीत एक लेख लिहितो आहे. चिनी जहाजांवरून आलेलं हे शीड बहुतेकांनी चित्रात पाहिलेलं असतं. आडव्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेले, थोडा भाग डोलकाठीच्या पुढे आणि बाकीचा मागे. हाताळायला सोपं, वारा वाढला की एकेक कप्पा खाली घेता येतो, यावर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते वाऱ्याकडे जाताना ते किती चांगलं चालतं यावर.

माझी अडचण भाषेची आहे. एक जण म्हणतो, ‘माझी होडी ३५ अंशांत चढते’, दुसरा म्हणतो, ‘जंक शीड वाऱ्यापासून ५५ अंशांहून जवळ चढतच नाही’. दोघं खरं बोलत असतील तर ‘चढणं’ या शब्दात काहीतरी घोळ आहे. शिवाय ‘वाऱ्याच्या दिशेने’ लिहावं की ‘वाऱ्याविरुद्ध’?

प्रतिसाद

‘वाऱ्याच्या दिशेने’ अजिबात नको. आपण ‘पश्चिमेचा वारा’ म्हणतो तेव्हा तो पश्चिमेकडून आलेला असतो. पण ‘वाऱ्याच्या दिशेने गेला’ म्हटलं की वारा जिकडे चाललाय तिकडे गेला, असंच कोणीही समजेल. म्हणजे अर्थ बरोबर उलटा. वारा पाहून पाठ देणाऱ्यांची ती दिशा.

‘वाऱ्याविरुद्ध’ चालेल, पण त्यात नाक थेट वाऱ्यात घालून जाण्याचा भास होतो आणि ते कुठल्याच शिडाला जमत नाही. मला तुमचं शीर्षकातलं ‘वाऱ्याकडे’ आवडलं. वारा जिथून येतो त्या बाजूला, तिरकं का होईना, सरकणं. त्यात खोटं काही नाही.

प्रतिसाद

घोळ ‘चढणं’मध्ये नाही, ‘अंश’मध्ये आहे. कशापासून मोजलेले अंश? एकाच होडीचे, एकाच क्षणाचे तीन आकडे देतो.

वारा १२ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). होडीचा वेग ५ नॉट. तिची पाण्यातली खरी वाट वाऱ्यापासून ५६ अंशांवर आहे. पण वारा तिला बाजूला ढकलतो, म्हणून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्या वाटेवर नसते, ६ अंश वाऱ्याकडे वळलेली असते. म्हणजे होकायंत्रावरून काढलेला कोन ५०. आता काठीच्या टोकावरचा वातदर्शक बघा. त्याला खरा वारा कळत नाही, होडीच्या चालण्यामुळे पुढून येणारा वाराही त्यात मिसळतो. तो दाखवेल सुमारे ३४.

तर ३४, ५० आणि ५६. तुमचा ‘३५ अंशांत चढतो’ म्हणणारा वातदर्शक वाचतोय आणि ‘५५’ म्हणणारा नकाशावरची रेघ. दोघंही खरे, पण एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

वाऱ्याकडे दर तासाला किती अंतर मिळालं, ते वेग गुणिले कोनाची कोज्या असं निघतं. ५६ धरले तर २.८ नॉट. ५० धरले तर ३.२. ३४ धरले तर ४.१. बंदरात बसून सांगितल्या जाणाऱ्या फुशारक्या बहुधा या शेवटच्या आकड्यातून येतात.

माझी सूचना: नाळ जिकडे आहे तो ‘रोख’, होडी जिकडे खरोखर जाते ती ‘वाट’, आणि वाऱ्याकडे मिळालेला निव्वळ वेग ती ‘कमाई’. ‘चढते’ हे क्रियापद फक्त कमाईसाठी राखून ठेवा.

प्रतिसाद

‘कमाई’ गोड आहे, पण ज्यांना हा विषय माहीत आहे ते ‘व्हीएमजी’च (व्हेलॉसिटी मेड गुड) म्हणतात. तेच का नको?

प्रतिसाद

कारण व्हीएमजीसुद्धा दोन अर्थांनी फिरतो. वाऱ्याच्या यंत्राला जोडलेला डबा व्हीएमजी दाखवतो तो वाऱ्याकडचा. जीपीएसच्या डब्यावर तेच नाव असतं, पण तिथे बहुतेक वेळा तुम्ही ठरवलेल्या मुक्कामाकडचा वेग असतो. मुक्काम अगदी वाऱ्याच्या तोंडावर असेल तरच दोन्ही आकडे जुळतात. मी लिहिताना पहिल्यांदा ‘वाऱ्याकडची कमाई, म्हणजे व्हीएमजी’ असं लिहीन आणि पुढे नुसतं कमाई.

प्रश्नकर्ता

रोख, वाट, कमाई घेतले. मग रोख आणि वाट यांतल्या त्या ६ अंशांना काय म्हणू? ‘वाहत जाणं’?

प्रतिसाद

नको. वाहणं हे पाण्याचं काम, ते प्रवाहासाठी ठेवा. वाऱ्याने बाजूला ढकललं जाणं ही ‘घसरण’. हा भेद केवळ शब्दांचा नाही, मोजणी त्यावरच उभी आहे. होकायंत्राला घसरणही दिसत नाही आणि वाहणंही नाही. जीपीएसला दोन्ही दिसतात, पण एकत्र. त्यातलं किती वाऱ्याचं आणि किती पाण्याचं ते तो सांगत नाही.

वरच्याच होडीत १ नॉटचा प्रवाह घालून बघा. वारा जिथून येतो त्या बाजूला प्रवाह वाहत असेल, आणि पाण्यावरचा वारा तोच धरला, तर जीपीएसवरची कमाई २.८ ऐवजी ३.८ दिसते. दोन टॅकमधला, म्हणजे वारा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून घेत केलेल्या तिरक्या वाटांमधला, कोन ११२ असायचा तो ९५ दिसतो. तोच प्रवाह उलटा फिरला की कमाई १.८ आणि कोन १३३. शीड तेच, होडी तीच. सकाळी अभिमान, संध्याकाळी लाज! म्हणून मोजायचं तर भरती-ओहोटी पालटतानाच्या स्थिर पाण्यात, किंवा सरळ तळ्यात. समुद्रच हवा असेल तर निदान उधाण टाळून भांगाचे दिवस निवडा.

प्रवाह वाऱ्याला अगदी आडवा असेल तर कमाई बिघडत नाही, पण एक टॅक झकास आणि दुसरा भिकार दिसतो. अशा वेळी एकाच टॅकची रेघ दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रतिसाद

दोन्ही टॅक मोजायला जंक शिडात आणखी एक कारण आहे. शीड काठीच्या एकाच बाजूला लटकतं. एका टॅकवर ते काठीपासून सुटं राहतं, दुसऱ्यावर वारा त्याला काठीवर दाबतो आणि कापडाचा आकार तिथे मोडतो. हा परिणाम काही होड्यांत जाणवतो, काहींत नाही. लेखात ‘काठीवरचा टॅक’ आणि ‘सुटा टॅक’ असे शब्द वापरता येतील.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. साधं शीड वाऱ्याच्या फार जवळ नेलं की त्याची पुढची कड फडफडते आणि सुकाणूवाल्याला लगेच कळतं. जंक शीड पट्ट्यांमुळे शांत राहतं. आवाज नाही, फडफड नाही, नाळ छान वाऱ्याकडे रोखलेली, आणि होडी मात्र मरगळलेली. वेग कमी म्हणून तळकण्याला (होडीच्या तळाखालच्या उभ्या कण्याला) पाण्याची पकड नाही, पकड नाही म्हणून घसरण वाढलेली. रोख पाहाल तर उत्तम, कमाई पाहाल तर दिवाळं. ४५ अंशांच्या वाटेवर ४ नॉट मिळाले तर कमाई २.८, तीच होडी ५५ वर सोडून ५.३ नॉट मिळाले तर ३.०. म्हणजे नाळ वाऱ्यापासून थोडी दूर वळवून होडी जास्त चढली. एकच कोन धरून जंक शिडाला नापास करणाऱ्यांनी हा प्रयोग केलेला नसतो. ४५, ५०, ५५, ६०, प्रत्येक कोनावर काही मिनिटं स्थिर चालवून वेग टिपायचा आणि सर्वांत मोठी कमाई निवडायची. तो त्या होडीचा त्या वाऱ्यातला कोन.

जाता जाता: ‘जंक’ वाचून काहींना भंगार आठवेल. जहाजाचा ‘जंक’ मलायी-जावानीज ‘जोंग’कडून पोर्तुगीजांमार्फत आलेला आहे. भंगारवाला ‘जंक’ वेगळा. तोही मूळचा खलाशांचाच, जुन्या दोरखंडाच्या तुकड्यांसाठी. एक तळटीप द्याच.

प्रश्नकर्ता

तळटीप देतो. आणखी एक. ‘जंक शीड वाऱ्याकडे चालतं’ याचा पुरावा म्हणून १९६० ची एकट्याने अटलांटिक ओलांडायची शर्यत देणार होतो. ब्लाँडी हॅस्लर यांची जंक शिडाची होडी ‘जेस्टर’ ४८ दिवसांत दुसरी आली. इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्क, म्हणजे वाटेत पश्चिमेचे वारे बहुतेक तोंडावर.

प्रतिसाद

द्या, पण कशाचा पुरावा ते नीट लिहा. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिले आले, त्यांची ‘जिप्सी मॉथ ३’ जवळजवळ ४० फुटांची. जेस्टर सुमारे २५ फुटांची. लांब होडी मुळातच वेगवान, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून भेटलेले वारेही वेगळे. त्या ८ दिवसांत शिडाचा वाटा किती हे काढताच येत नाही. एवढं मात्र निघतं, की तोंडावरच्या वाऱ्यांचा महासागर या शिडाने ओलांडता येतो, आणि दमलेल्या एकट्या माणसाला शीड हाताळायला सोपं असणं तिथे फार मोलाचं असतं.

शिवाय जेस्टरचं शीड सपाट शिवलेलं होतं. पुढे लोकांनी प्रत्येक कप्प्याला पोट, म्हणजे फुगवटा, ठेवून शिवायला सुरुवात केली, आणि वाऱ्याकडे जाण्यात जो फरक पडला तो मुख्यतः तिथून. म्हणून ‘जंक शीड’ एवढंच लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही. सपाट की पोटाचं, ते लिहा. आणि खाली तळकणा कसला, तेही. उथळ तळकण्याच्या फिरस्त्या होडीवर जंक शीड चढवायचं आणि खोल तळकण्याच्या शर्यतीच्या होडीशी तुलना करायची, हा प्रकार सर्रास चालतो.

प्रश्नकर्ता

मग वाक्य असं करतो: ‘पोटाचं जंक शीड असलेली ही होडी १२ नॉट वाऱ्यात, दोन्ही टॅकची सरासरी धरून, ५६ अंशांच्या वाटेवर २.८ नॉटची कमाई करते.’

प्रतिसाद

लाटा राहिल्या. ‘सपाट पाण्यात’ घाला, नाहीतर कोणीतरी तीच होडी खळबळत्या पाण्यात नेईल आणि तुम्हाला खोटं पाडेल.