सिनेमातली मांजरं खरंच अ‍ॅक्टिंग करतात का?

मामा: काल परत एलियन सिनेमा बघितला, १९७९ चा. त्यात ते केशरी मांजर एलियन समोर आल्यावर मागे सरकून असलं फिस्कारतं ना, ते कसं काय करून घेतलं असेल? मांजर तर हाक मारली तरी मान वळवत नाही.

ताई: मामा, समोर पडदा लावून त्याच्यामागे जर्मन शेफर्ड ठेवला होता, कॅमेरा सुरू झाला की पडदा बाजूला, मग ते फिस्कारणं खरंच आहे पण कुत्र्याला बघून. आणि त्या एका रोलला चार मांजरं होती.

मावशी: अगं पण मुक्या जीवाला असं घाबरवायचं म्हणजे, मला नाही पटत हे.

ताई: मलाही नाही पटत मावशी, तो सीन आता माझ्याच्याने बघवत नाही. पण सगळीकडे असं नसतं गं, ट्रेनर बझर वाजला की खाऊ अशी सवय लावतात, मग जिथे बझर वाजेल तिथे मांजर आपणहून जातं. कॅप्टन मार्व्हल सिनेमातल्या गूज या मांजराच्या रोललाही चार मांजरं होती, म्हणजे कुणी शांत बसायला, कुणी उचलून घ्यायला, ज्याचा जसा स्वभाव तसं काम द्यायचं, मला ही पद्धत फार आवडते.

दादा: गॉडफादर सिनेमा राहिला की!! त्यातल्या नटाच्या, मार्लन ब्रँडोच्या, मांडीवरचं मांजर स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, स्टुडिओत फिरणारं भटकं होतं, दिग्दर्शक कपोलाने उचललं आणि दिलं त्याच्या हातात. ते इतक्या जोरात घुरघुरत होतं की डायलॉग नीट ऐकू येईनात. पुन्हा बघाल तेव्हा नुसते हात बघा, बोलणं चाललंय माणसाला धडा शिकवायचं आणि बोटं मांजराला खाजवतायत, ते पण मस्त त्याच्या हाताशी खेळतंय. हे लिहून सुचत नाही कुणाला.

वहिनी: आणि ऑरेंजी नावाचा बोका, ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज मधला, शेवटी पावसात भिजतो तो. त्याला प्राण्यांचं पॅट्सी अवॉर्ड दोनदा मिळालं, एक १९५१ च्या रुबार्ब सिनेमासाठी आणि एक ह्याच्यासाठी.

मावशी: बिचारा भिजला पण. मला असं सांगा ज्यात कुठल्याच मांजराला त्रास नाही झाला.

ताई: मग फ्लो बघ मावशी, २०२४ चा लाटव्हियाचा अ‍ॅनिमेशनपट, ऑस्कर पण मिळालंय. एकही डायलॉग नाही, सगळीकडे पूर येतो आणि एक काळं मांजर इतर प्राण्यांबरोबर होडीत राहतं. ते माणसासारखं बोलत नाही वागत नाही, दचकतं, अंग फुगवतं, दबकत पुढे जातं, अगदी मांजरच. आवाजही खऱ्या मांजरांचे आहेत.

मावशी: आणि बाकीच्या प्राण्यांचे?

ताई: ते पण खऱ्या प्राण्यांचे, पण कॅपिबाराला, म्हणजे त्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याला, उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय कारण त्याचा स्वतःचा फार किरकिरा होता 😄

मावशी: आज रात्रीच बघते. मामा तुम्ही पण या.