मदत हवी आहे: आरोग्य विम्याच्या सल्ल्यासाठी फी द्यावी का? (इंदूर)

रामबागकर
नमस्कार मंडळी. बाबा ७१, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू. आई ६६, गुडघे सोडले तर ठणठणीत. ऑफिसच्या ५ लाखांच्या कव्हरमध्ये मी, बायको आणि मुलगी आहोत, आईबाबा नाहीत. ओळखीतले एजंट काका एकच पॉलिसी लावून धरताहेत, "फॉर्म मी भरतो, तुम्ही सही करा" म्हणतात. दुसरा एक सल्लागार ३,५०० रुपये मागतोय, पॉलिसी आपणच थेट कंपनीकडून घ्यायची. मोठं दुखणं निघालं तर मुंबईलाच नेऊ. फी देण्यात अर्थ आहे का?

बारीक_अक्षर
काकांचं कमिशन तुमच्या प्रीमियममधूनच जातं आणि दर नूतनीकरणालाही मिळतं, तेव्हा फुकट काहीच नाही. त्यात गैरही नाही. फक्त एजंटाकडे मोजक्याच कंपन्या असतात, त्यामुळे "यापेक्षा दुसरीकडची बरी" हे तो कशाला सांगेल?

मला खटकलं ते "फॉर्म मी भरतो". प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेहापुढे "नाही" अशी खूण झाली, तर सही बाबांची असते आणि क्लेम नाकारताना कंपनी तेच पान पुढे करते. फॉर्म स्वतः भरा. औषधांची नावं, कधीपासून चालू, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला असेल तर तोही लिहा. पॉलिसीसोबत फॉर्मची प्रत येते, ती ताडून पाहा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसीच पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात.

सल्लागार घेतलाच, तर त्याच्याकडून आकडे मांडून घ्या. समजा ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ५,०००. तुम्ही ८,०००ची खोली घेतलीत, ४ दिवस राहिलात. फरकाचे १२,००० जातातच. शिवाय खोली मर्यादेबाहेरची घेतली की बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर मिळून १,६०,००० झाले तर त्यातले ५/८, म्हणजे १ लाखच मंजूर. ७२,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना ही कपात लागू नाही, पण डिस्चार्जच्या काउंटरवर हे कोण समजावून सांगतंय! त्या हिशोबापुढे ३,५०० किरकोळ आहेत.

सराफा_रात्री११
थोडा विरोध नोंदवतो. थेट घेतली म्हणजे प्रीमियम कमी होतोच असं नाही. कंपनीने थेट खरेदीची सूट जाहीर केली असेल तरच होतो, म्हणजे फी वरखर्च. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, सल्लागाराच्या फीवर मात्र त्याची नोंदणी असेल तर १८ टक्के लागेल. तिशीतल्या निरोगी माणसाने फी देऊ नये, ग्राहक माहिती पत्रक (पॉलिसीचा सोप्या भाषेतला सारांश) वाचलं की काम भागतं. तुमच्या आईबाबांचं प्रकरण वेगळं.

आणि "मी सेबी-नोंदणीकृत" याने भारावू नका, सेबी शेअर बाजाराची नियामक, आरोग्य विमा तिच्या कक्षेत येत नाही. फी देण्याआधी लेखी घ्या: कुठल्याही कंपनीकडून, ब्रोकरकडून कमिशन नाही, घरच्यांच्या नावावर एजन्सी नाही. फी घेऊन शेवटी स्वतःचीच लिंक पाठवणारे भेटतात.

बारीक_अक्षर
मान्य. मुंबईचा मुद्दा राहिला. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. इंदूरच्या स्वस्त दराने घेतलेल्या पॉलिसीवर मुंबईत उपचार केले तर को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का आपण भरायचा, लागू शकतो. ४ लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे ८०,००० तुमचे. ज्येष्ठांच्या पॉलिसींत वयाचा को-पे वेगळा असू शकतो. "दोन्ही एकदम लागतात का" हे कंपनीकडून ईमेलवर विचारा, फोनवरचं काही धरू नका.

प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही: आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं. गुडघा बदलायलाही बहुधा २-३ वर्षं थांबावं लागेल, त्यामुळे आईची पॉलिसी लांबवू नका. सलग ५ वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "माहिती लपवली" म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

रामबागकर
क्लेम अडकला तर फीवाला धावून येईल का?

सराफा_रात्री११
करारात लिहिलं असेल तरच. इथे एजंट काकांचं पारडं जड, रात्री अकराला कॅशलेस अडली तर जवळचा माणूस उपयोगी पडतो, भिया. बाकी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर भोपाळचं विमा लोकपाल कार्यालय. तिथे फी नाही, वकील नेता येत नाही. "क्लेम सोडवून देतो, १५ टक्के द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

बारीक_अक्षर
बाबांचं आधी वेगळं करा. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख, जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. बाबांना सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) वगैरे सरकारी योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागेल. आधार घेऊन ई-केवायसी करायची. आई ६६ची, ती यात बसत नाही. इंदूर-मुंबईतली कुठली रुग्णालयं योजनेत आहेत ते बघून घ्या, मग बाबांसाठी वेगळी पॉलिसी किती रकमेची हवी ते ठरवा. सल्लागाराला हे पहिल्या भेटीतच विचारा. त्याने कार्डाचं नावही काढलं नाही तर ३,५०० वाचवा.