मदत हवी आहे: गरोदरपण, प्लास्टिक आणि बाळाचा श्वास

नमस्कार मंडळी. धाकट्या जावेला सातवा महिना लागलाय, म्हणून विचारते.

माझी मुलगी जन्मली तेव्हा मिनिटाला ऐंशीच्या वर श्वास घेत होती. साठपर्यंत चालतो म्हणे. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा. काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर तीन दिवस होती. सिझेरियनमुळे फुप्फुसात पाणी राहिलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला पटलंही. पण थॅलेट्स, बीपीए ही प्लास्टिकमधली रसायनं नाळेतून बाळापर्यंत पोचतात हे वाचल्यापासून चैन नाही. त्या नऊ महिन्यांत रोज प्लास्टिकच्या पन्नीतली गरमागरम तर्री खाल्ली, मे महिन्यात गाडीत तापलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. उष्णतेने आणि तेलाने ही रसायनं जास्त सुटतात. दोष कुणाला देत नाही, पण जावेच्या वेळी जपायचंय.

घरी माठ आणि स्टीलचे डबे आणलेत. अडचण पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या कॅनची आहे, आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. कॅनऐवजी तुम्ही काय वापरता? स्टीलची टाकी इतवारीत कुठे चांगली मिळेल? आणि नागपुरात गरोदर बाईला याबद्दल नीट समजावून सांगणाऱ्या, वेळ देणाऱ्या डॉक्टर कुणाला माहीत आहेत का?